ओटीपी सांगा पटकन

माझं तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्र आहे. पुण्यापासून दीड-दोन तासांवर, डोंगराच्या बाजूला. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पॅनकार्ड, झेरॉक्स, लॅमिनेशन, असली कामं. २०२१ च्या उन्हाळ्यात यातलं काहीच चालू नव्हतं, शटर खाली होतं, आणि तरी एरवी कधी नव्हतो इतका मी कामात होतो. घरातल्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी चार्जिंगला लावलेला फोन, आणि त्या फोनवर सकाळपासून एकच विषय: कोरोनाच्या लसीचा नंबर लावून दे.

लसीकरण रखडल्याबद्दल तेव्हा खूप बोललं गेलं. टीव्हीवर रोज केंद्र आणि राज्य एकमेकांवर ढकलत होते. ते ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं. मी पाहिलं ते रुग्णालयाच्या गेटवर आणि फोनच्या पलीकडच्या टोकाला. तिथं मला असं दिसलं की लस कमी आहे हे लोकांनी बऱ्यापैकी समजून घेतलं होतं. ज्या देशात रॉकेलपासून युरियापर्यंत सगळ्याला रांग लागते, तिथं लसीला लागली तर नवल काय. डोकं फिरायचं ते आपला नंबर कितवा, पुढं कोण आहे आणि आज नाही तर कधी, यातलं काहीच कळत नव्हतं म्हणून.

सुरुवातीला कुणालाच घाई नव्हती, हे मात्र आता कुणी मान्य करत नाही. १६ जानेवारीला देशात लसीकरण सुरू झालं, आधी आरोग्य कर्मचाऱ्यांचं. तेव्हा दवाखान्यातल्याच काही जणांचं नेमकं त्या दिवशी बीपी वाढलं. १ मार्चपासून ६० च्या पुढच्यांना आणि ४५ च्या पुढच्या आजारी लोकांना परवानगी मिळाली. माझ्या आईला साखर आहे, वय ६६. ती म्हणाली, "आधी शेजारच्या वहिनींना घेऊ दे, मग बघू." वहिनी म्हणाल्या, आधी काकूंना घेऊ दे. असं करत मार्चचा दुसरा आठवडा उजाडला.

त्या दिवशी दुपारी आईला स्कूटरवर बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं. नोंदणी तिथंच होत होती. आत सिस्टर एकट्याच पेपर वाचत बसलेल्या. कोविशिल्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस, आणि एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेली फेकून द्यावी लागते. आम्ही धरून सात जण होतो. सिस्टर म्हणाल्या, "अजून तिघं आणा, मग उघडते." मी व्हरांड्यातूनच फोन केले. किराणावाले काका, आमचे निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या मिसेस, तिघं पंधरा-वीस मिनिटांत हजर. मग व्हायल फुटली. आईनं डोळे मिटून घेतले आणि "झालं?" असं विचारलं तेव्हा सिस्टर कापूस दाबत होत्या. अर्धा तास बाकड्यावर बसवलं, पॅरासिटामॉल दिली, २८ दिवसांनी या म्हणाल्या. गेटच्या बाहेर पडायच्या आत मेसेज आला. सरकारी काम इतकं सुरळीत झालेलं मी कमी वेळा पाहिलंय, आणि माझा धंदाच सरकारी कामाचा आहे.

मग एप्रिल आला. १ तारखेपासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना लस खुली झाली आणि त्याच सुमारास दुसरी लाट आमच्या तालुक्यात शिरली. ज्या घरात कुणी लसीचं नाव काढत नव्हतं त्या घरात आता कुणीतरी ऑक्सिजनवर होतं. रेमडेसिव्हिरसाठी पोरं रात्री-अपरात्री पुण्याला गाड्या पळवत होती. आणि जो तो लस मागायला लागला. बरोबर त्याच वेळी लस संपली.

७ एप्रिलला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं की राज्यात १४ लाख डोस आहेत, म्हणजे तीन दिवसांचे. दिल्लीतून उत्तर आलं की महाराष्ट्र आपलं अपयश झाकतोय. साताऱ्यात, सांगलीत, पनवेलला केंद्रं बंद पडली, आमच्या जिल्ह्यातही पडली. ११ ते १४ एप्रिल, महात्मा फुले जयंतीपासून आंबेडकर जयंतीपर्यंत, देशभर लसीकरणाचा उत्सव जाहीर झाला होता. आमच्या गेटवर त्या उत्सवात फळा लागला होता: "लस शिल्लक नाही. आल्यावर कळवण्यात येईल." कोण कळवणार आणि कुणाला, ते लिहिलं नव्हतं.

खरं तर कळायचं, पण मोजक्यांना. जिल्ह्याकडून उद्या किती डोस येणार हे डॉक्टरांना रात्री व्हॉट्सअॅपवर समजायचं. तिथं डेटा एन्ट्रीला बसणारा मुलगा माझ्याच दुकानात टायपिंग शिकलेला. कधी दीडशे, कधी शंभर, कधी नुसतंच "उद्या सांगतो". तो आकडा एकाला कळला की त्याच्या भावकीला कळायचा, पुढाऱ्याला कळला की त्याच्या कार्यकर्त्यांना. सकाळी गेट उघडायच्या वेळेला ज्यांना कळलं ते आत आणि ज्यांना नाही ते फळ्यासमोर. यात डॉक्टरांचा काही स्वार्थ होता असं मला वाटत नाही. दीडशे डोस आणि पाचशे माणसं असतील तर आदल्या रात्री जाहीर करायचं धाडस कोण करील? पण त्यामुळे झालं असं की अफवा हीच अधिकृत माहिती होऊन बसली.

लोक पहाटे चारपासून यायचे. रांगेत माणसाच्या जागी चपला, पिशव्या, दगड. एकदा एका दगडावरून भांडण झालं, कारण दोघांचं म्हणणं होतं तो दगड आमचा. तेव्हा एक निवृत्त तलाठी होते, त्यांनी घरून दोनशेपानी वही आणली. समास आखला. अनुक्रमांक, नाव, गाव, पहिला की दुसरा. गेटबाहेर पारावर बसायचे आणि येईल त्याचं नाव लिहून नंबर सांगायचे. लस आली नाही तरी नंबर तसाच पुढं चालू. ज्याचा १८० वा नंबर त्याला माहीत असायचं की आपण आज नाही, उद्याही नाही, परवा धार काढून सावकाश आलो तरी चालेल. त्या वहीच्या काळात एकही भांडण झालं नाही. लस तेवढीच कमी होती.

सिस्टरनीही वही मानली. त्या आतून हाक मारायच्या, "अण्णा, पुढचे दहा पाठवा." मग कुणीतरी वर तक्रार केली, एक अधिकारी येऊन गेले आणि ही यादी अधिकृत नाही म्हणाले. ते खरंच होतं. अण्णांनी वही मिटली आणि घरी गेले. त्यानंतर टोकन आली. टोकन कुणी छापली ठाऊक नाही, पण गेटवर वाटली जायच्या आधीच त्यांतली बरीच लोकांच्या खिशात असायची. कुणाच्या ते सांगायची गरज नाही.

आणि अशात १ मे पासून १८ ते ४४ वयाच्या सगळ्यांना लस मिळणार असं जाहीर झालं.

इथं थोडा हिशोब मांडतो, कारण तेव्हा रात्री झोप लागत नसली की मी हाच मांडत बसायचो. देशात १८ च्या पुढची माणसं सुमारे ९४ कोटी. प्रत्येकी दोन, म्हणजे १८८ कोटी डोस. आमच्याच जिल्ह्यात मांजरीला असलेली, कोविशिल्ड बनवणारी सीरम आणि कोव्हॅक्सिन बनवणारी हैदराबादची भारत बायोटेक मिळून तेव्हा महिन्याला आठ-साडेआठ कोटींच्या आसपास. भागाकार कुणीही करावा. सीरमचे पहिले ट्रक १२ जानेवारीला पूजा करून निघाले ते आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं, पण सरकारची तेव्हाची ऑर्डर होती १ कोटी १० लाखांची. अमेरिका आणि ब्रिटननं २०२० च्या मध्यालाच, लस हातात नसताना, कोट्यवधी डोस सांगून ठेवले होते. सहा-साडेसहा कोटी डोस परदेशात पाठवले म्हणून नंतर बरीच आरडाओरड झाली. मला तो मुद्दा तितकासा पटत नाही. ते सगळे इथं ठेवले असते तरी महिनाभराचीच सोय झाली असती. एप्रिलमध्ये देशात नऊ कोटींच्या जवळपास डोस दिले गेले आणि मेमध्ये सहा कोटींच्या आसपास. म्हणजे मागणाऱ्यांत साठेक कोटी माणसं वाढली त्याच महिन्यात लस एक तृतीयांशानं घटली. हे ठरवणाऱ्यांकडे आमच्यापेक्षा चांगले कॅल्क्युलेटर असतील.

वर केंद्रानं धोरणही बदललं. निम्मी लस केंद्राला, पाव राज्यांना, पाव खासगी रुग्णालयांना, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. राज्य सरकार म्हणालं, आम्ही सहा कोटी तरुणांना फुकट देऊ, १२ कोटी डोसांचे साडेसहा हजार कोटी एका चेकनं द्यायला तयार आहोत. चेक तयार होता, पण त्या चेकवर माल द्यायला कुणी तयार नव्हतं. मुंबई महापालिकेनं एक कोटी डोसांसाठी जागतिक निविदा काढली, त्यातूनही काही हाती आलं नाही.

तर नोंदणी. २८ एप्रिलला दुपारी चार वाजता कोविन पोर्टल तरुणांसाठी उघडलं आणि उघडताक्षणी बसलं. ओटीपी येईना. आले ते एकदम तीन-चार आले, त्यातला खरा कुठला कळेना. रात्री उशिरा नोंदण्या व्हायला लागल्या. पण नोंदणी म्हणजे लस नाही, हे लोकांना समजावता समजावता माझा घसा बसला. नोंदणी झाली की मग स्लॉट शोधायचा. स्लॉट कधी उघडणार ते जाहीर नसायचं. कधी संध्याकाळी सहाला, कधी आठला, कधी रात्री अकराला. रेल्वेच्या तत्काळ तिकिटासारखा प्रकार, फक्त तत्काळची वेळ तरी ठरलेली असते.

लोकांना वाटायचं मी काहीतरी बटण दाबतो आणि होतं. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. मोबाइल नंबर टाकायचा. त्या माणसाला फोन करायचा, कारण ओटीपी त्याच्याकडे जाणार आणि तीन मिनिटांत टाकायचा. ओटीपी कुणाला सांगू नका असं बँकेनं इतकी वर्षं डोक्यात भरवलेलं, आणि इथं मी ओरडतोय, सांगा पटकन. ठाकरवाडीतला एक मुलगा रेंजसाठी रोज संध्याकाळी वरच्या कातळावर जाऊन बसायचा. म्हाताऱ्या माणसांचं दुखणं वेगळं. माझा फोन चालू असताना मेसेज त्याच फोनवर आलेला असतो, तो बघायचा म्हणजे फोन कानापासून काढावा लागतो.

"मावशी, फोन ठेवू नका, नुसता समोर धरा."

"समोर धरला तर तुझं ऐकू कसं येणार?"

"स्पीकर दाबा."

"कुठला?"

आणि फोन कट. परत लावेपर्यंत तीन मिनिटं गेलेली. नवीन ओटीपी.

तो मिळाला की आत. नाव निवडा, पिनकोड टाका, १८ प्लस निवडा. सगळं लाल. रिफ्रेश. लाल. मध्येच पोर्टल बाहेर काढणार, की पुन्हा ओटीपी, पुन्हा मावशी. एखाद्या क्षणी हिरवं दिसायचं, ४०, ५० असा आकडा. त्यावर दाबलं की वेळ निवडा, मग कॅप्चा. वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं, त्यातला मोठा ओ की शून्य हे ओळखायचं. ओळखून बटण दाबेपर्यंत तो ४० चा शून्य झालेला. पोर्टल तेव्हा इंग्रजीतच होतं, मराठी आलं ते जूनमध्ये. मी रोज दहा तास कीबोर्डवर असणारा माणूस, माझी ही गत. ज्याच्याकडे साधा नोकियाचा फोन आहे त्यानं काय करायचं होतं?

ज्यांना जमत होतं ते होते पुण्यातले. त्यांच्याकडे टेलिग्रामवर ग्रुप होते, स्लॉट उघडला की तिथं टुंग वाजायचं. घरी ब्रॉडबँड, बोटं चपळ, आणि शहरातले स्लॉट संपले की ते पूर्ण जिल्हा शोधायचे. आमच्या तालुक्यात १८ ते ४४ साठी एकच आरोग्य केंद्र ठरलं होतं. गावापासून आत, ओढ्याच्या पलीकडे. पहिल्या दिवशी तिथं काय दिसावं? सोसायटीच्या पार्किंगचे स्टिकर काचेवर असलेल्या गाड्यांची रांग. एसी चालू ठेवून पोरं-पोरी आत बसलेल्या, बाहेर सावलीला गावातली माणसं उभी. ज्या केंद्रात त्यांच्या बायकांची बाळंतपणं झाली, तिथल्या यादीत गावातलं एखाद-दुसरंच नाव.

सरपंच तावातावानं आले. "आमच्या दवाखान्यातली लस आमच्या पोरांना पायजे. ह्यांना परत पाठवा." डॉक्टर तरुण होते, हात जोडून म्हणाले, "साहेब, यादी पोर्टलवरून येते. चार आकडी कोड सांगितल्याशिवाय मला एन्ट्रीच करता येत नाही." एक गाडीतला मुलगा खाली उतरला. आयटीतला असावा. तो शांतपणे म्हणाला, "काका, माझ्या वडिलांना आयसीयूत ठेवलंय. मला घरून रोज येऊन-जाऊन करायला लागतं. मला स्लॉट दिसला, मी घेतला. तुमच्या गावाचा आहे हे मला नकाशात बघायला लागलं." सरपंच काही बोलले नाहीत. त्या मुलाचा राग करता येत नव्हता, आणि राग तर आलेला होता. तो मग गेटवरच्या होमगार्डवर निघाला, ज्याचा कशाशीच संबंध नव्हता.

त्यानंतर आमच्या गावातल्या पोरांनीही टेलिग्राम डाउनलोड केलं. काहींना जमलं. माझ्या हातून जे थोडे स्लॉट लागले ते लागले तेव्हा घरात मटका लागल्यासारखा जल्लोष व्हायचा, आणि ज्यांचे लागले नाहीत ते माझ्याकडे संशयानं बघायचे. "त्याचा लावला, माझा का नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांच्या वहीत उत्तर होतं: तुझा नंबर १८० आहे म्हणून. पोर्टलमध्ये कुणाचाच नंबर नव्हता. रोज सगळे शून्यावर, काल रात्रभर जागलेला आणि आज पहिल्यांदा बसलेला सारखेच.

१२ मे ला तेही थांबलं. दुसऱ्या डोससाठी थांबलेल्या ४५ पुढच्यांना लस पुरेना, म्हणून राज्यानं तरुणांचं लसीकरण बंद केलं आणि त्यांच्यासाठी घेतलेले कोव्हॅक्सिनचे पावणेतीन लाख डोस तिकडे वळवले. निर्णय बरोबर होता, कोव्हॅक्सिनवाले खरोखर अडकले होते. त्यांचं दोन डोसांमधलं अंतर चार ते सहा आठवडे, आणि लस कुठेच नाही. पण ज्याचा स्लॉट १५ तारखेचा होता त्याला हे बातम्यांत कळलं.

आईचं काय झालं ते राहिलं. तिला २८ दिवस सांगितले होते. २२ मार्चला केंद्रानं कोविशिल्डचं अंतर सहा ते आठ आठवडे केलं, म्हणजे एप्रिलअखेर. एप्रिलअखेर फळा. मेच्या पहिल्या आठवड्यात मी तिला रोज पहाटे नेण्याऐवजी स्वतः जाऊन उभा राहायचो, पण नंबर आला की माणूस समोर लागतो, आणि तिला बोलावून घेईपर्यंत डोस संपायचे. मग १३ मे ला अंतर झालं बारा ते सोळा आठवडे. टीव्हीवर डॉक्टर सांगत होते की अंतर वाढवलं तर लस जास्त चांगली काम करते, ब्रिटनमध्ये जानेवारीपासून बारा आठवडेच ठेवलंय. ते बरोबर असेलही. पण शास्त्र नेमकं लस संपली त्या आठवड्यात सुधारलं, यावर गेटवरच्या एकाही माणसाचा विश्वास बसला नाही. आधी घेतलेल्या तारखा रद्द होणार नाहीत असं केंद्रानं नंतर सांगितलं. आमच्याकडे तारखा घेऊन आलेल्यांना परत पाठवलं जात होतं. शेजारच्या वहिनी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "मग पहिली आता उतरली असेल का हो?" त्यांच्या मनात लसीची रिचार्जसारखी व्हॅलिडिटी होती. मी नाही म्हणालो. माझ्या सांगण्याला काय अर्थ होता, पण सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्या दिवसांत लोक माझ्याकडे लसीपेक्षा जास्त हेच मागायला यायचे. कुणीतरी सांगा. ८४ दिवस कुठल्या तारखेपासून धरायचे, कोव्हॅक्सिनवर कोविशिल्ड चालते का, ताप येऊन गेलाय तर किती थांबायचं. हेल्पलाइन लागत नव्हती. आशाताई स्वतः बिचाऱ्या घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरत होत्या, त्यांना काय विचारणार.

२४ मे ला केंद्रानं तरुणांनाही जागेवर नोंदणीची मुभा दिली. आमच्या राज्यात तेव्हा त्यांचं लसीकरणच बंद होतं, त्यामुळे ती मुभा कागदावर राहिली. सर्वोच्च न्यायालयानं ३१ मे च्या आदेशात १८ ते ४४ साठीचं धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक असल्याचं म्हटलं, आणि ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्यानं पोर्टलवर कसं यायचं हाही प्रश्न विचारला. ते वाचून मला फार बरं वाटलं. ७ जूनला पंतप्रधानांनी जाहीर केलं की २१ जूनपासून राज्यांच्या वाट्याची लसही केंद्रच घेईल आणि १८ च्या पुढच्या सगळ्यांना सरकारी केंद्रांवर मोफत देईल.

आईचा दुसरा डोस त्याआधी, ८४ दिवस भरल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात झाला. सिस्टरनीच फोन केला. मार्चमधल्या लोकांची यादी त्यांनी रजिस्टरवरून काढली होती आणि ज्यांचे दिवस भरले त्यांना एकेक करून बोलावत होत्या. कुणी सांगितलं होतं म्हणून नाही, त्यांना बरं वाटलं म्हणून. आई गेली, टोचून घेतलं, अर्धा तास बसली. घरी येऊन म्हणाली, हेच पहिल्यापासून केलं असतं तर.

मी घेतली ती जूनअखेर, शाळेतल्या कॅम्पमध्ये. पुन्हा रांग, पुन्हा टोकन, पण माणसं समोर दिसत होती. पुढं साठ-सत्तर जण आहेत हे मोजता येत होतं. जुलैत परत तुटवडा झाला, पण मे सारखी तगमग राहिली नव्हती. ऑगस्टपासून लस वाढली. १७ सप्टेंबरला देशात एका दिवसात अडीच कोटी डोस दिले गेले. पोर्टलवर आता सगळं हिरवं असायचं आणि बघायला कुणी नसायचं. दिवाळीपर्यंत गंमत अशी झाली की लसवाले लोकांच्या मागे लागले. "हर घर दस्तक" मोहिमेत आशाताई आणि सिस्टर यादी घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरत होत्या, आणि मे महिन्यात माझ्याशी भांडलेला एक जण त्यांना बघून मागच्या दारानं शेतात गेला होता.

माझं दुकान तेव्हा सर्टिफिकेटवर चाललं. प्रवासाला, ऑफिसला, मॉलला, सगळीकडे दोन डोसचं प्रमाणपत्र लागायचं. रंगीत प्रिंट आणि लॅमिनेशन. त्यात चुका भरपूर. नाव चुकलेलं, जन्मसाल चुकलेलं, एका गृहस्थांच्या सर्टिफिकेटवर लिंग चुकलेलं. दुरुस्तीची सोय पोर्टलवर होती, ओटीपी घेऊन.

एक आजोबा वाडीवरून आले. दुसऱ्या डोसचं विचारायला. मी त्यांचा नंबर टाकला तर दोन्ही डोस पूर्ण. सर्टिफिकेट तयार, तारीख आदल्या आठवड्यातली.

"आजोबा, तुमची दुसरी झालीय की."

"कधी?"

मी तारीख वाचून दाखवली. ते म्हणाले, त्या दिवशी तर मी लेकीकडे मंचरला होतो.

मी त्यांना प्रिंट दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, घडी घालून टोपीत ठेवली आणि विचारलं, "मग सुई कधी?" पोर्टलवर दुसरा डोस झालेल्याला पुन्हा डोस लावायला जागाच नव्हती. मी रुग्णालयात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, पाठवून दे. त्यांनी उघडलेल्या व्हायलमधून आजोबांना टोचलं, अर्धा तास बसवलं, आणि नोंद कुठेच केली नाही, कारण ती आधीच झालेली होती.